बारा टक्के ओल

आजच्या हिशेबात चार किलोमीटर जास्तीचे आलेत आणि ते कुणाच्या खात्यावर मांडावेत, हे रात्र झाली तरी ठरलेलं नाही. तळव्यांना मात्र ते नेमके ठाऊक आहेत.

वर्धा जिल्ह्यातलं पवनार ते मेळघाटातलं चिखलदरा, पायी, एकट्यानं, जानेवारीत. तिसरा दिवस, खरांगण्याच्या पुढचा आर्वी रस्ता. याहून जास्त प्रस्तावना ऐकून घ्यायला वाटेत एकही माणूस थांबलेला नाही, तेव्हा इथंही नको. आपल्याकडं पायी चालण्याची मान्यताप्राप्त कारणं तीन: शेगावची वारी, पंक्चर आणि घरचं भांडण. माझ्या हातात पताका नव्हती आणि ढकलायला गाडीही नव्हती. लोक उरलेलं कारण धरून चालतात आणि आवाज हळू करून बोलतात.

विदर्भात थंडी असते हेच आधी कुणाला पटत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण आपली कीर्ती सगळी मे महिन्यावर उभी. इथल्या थंडीची गंमत अशी की आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळं जमिनीनं दिवसभर साठवलेली ऊब रात्रीतून सरळ वर निघून जाते. पहाटे ८ अंश, दुपारी २८. एकाच दिवसात दोन ऋतू, आणि दोन्हींचे कपडे आपल्याच पाठीवर.

म्हणून अंगावर थर हवेत: आत घाम शोषून न ठेवणारा पातळ सदरा, वर फ्लीस, म्हणजे हलकं उबदार लवदार जाकीट, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. दहा मिनिटं चाललं की थांबायचं, फ्लीस काढून पिशवीत टाकायचं, मगच पुढं. हे दहा मिनिटांनंतरचं थांबणं चुकवलं की पाठ पिशवीखाली भिजते, आणि पुढं बसलात की तीच ओल अंगातली ऊब ओढून नेते. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगानं उष्णता वाहून नेतं. आज मी ते थांबणं चुकवलं. वेशीवर एक कुत्रं होतं आणि त्याचं थरांविषयीचं मत वेगळं होतं.

सकाळी नऊच्या सुमारास एका गावाच्या फाट्यावर पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, शेकोटी दिसली. भोवती चार जण, त्यांत मधोमध डोक्याला मफलर बांधलेले एक आबाजी. मागं छपरीत वेचलेल्या कापसाची गंजी, म्हणजे ढीग. कोणत्याही शहाण्या माणसानं हात शेकून निघून जावं. मी बसलो.

"कोन्या गावचे?"

"नागपूर."

"गाडी कुठी हाय?"

"गाडी नाही. पायीच."

"नवस?"

"नाही."

"पैज लागली?"

"नाही."

"घरी कोन कोन हाय?" हा प्रश्न त्यांनी, एक्स-रे आधीच पाहून झालेल्या डॉक्टरच्या सुरात विचारला.

मी म्हटलं, आबाजी, या जिल्ह्यात तरी असं विचारू नये. १९५१ साली विनोबा इथूनच पायी निघाले, पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, पुढं तेरा-चौदा वर्षं माणूस चालतच होता. आबाजींनी एक पऱ्हाटी आत सारली. "विनोबा जमीन मांगाले चालत होते. तू काय मांगून रायला?"

'तुमी'चं 'तू' झालेलं होतं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. शंभरावर किलोमीटर चालायचं आणि शेवटी काहीही मागायचं नाही, ही गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटली असावी. मलाही क्षणभर वाटली.

मग त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. "हे आंगात काय घातलं?"

इथं मी चूक केली. मी समजावून सांगायला गेलो. चालताना सुती घालू नये, म्हटलं, कापूस ओल धरतो. साध्या हवेतलीच आठेक टक्के धरून बसतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घामात सुती बनियन भिजलं की दुपारपर्यंत वाळत नाही, मांड्या घासतात, काखेत सोलपटतं. मोजे तर सुती नकोतच: ओल, उष्णता आणि घासणं हे तिघं एकत्र आले की फोड आलाच. आत पातळ नायलॉनचा मोजा, वर लोकरीचा, म्हणजे घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. दुपारी जोडी बदलायची. टाचेला नुसतं गरम वाटलं तरी तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची, गावी पोचल्यावर नाही. बूट एक नंबर मोठा, कारण दुपारनंतर पाय सुजतो. हे सगळं मी कापसाच्या गंजीसमोर बसून, आयुष्यभर कापूस पिकवलेल्या माणसाला सांगत होतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

"म्हंजे कापूस खराब?"

"खराब नाही, आबाजी. ओल धरतो."

"ओल तं धरतेच ना बाप्पा!" ते असे उसळले की बाकीचे तिघं सरकून बसले. "तेच तं खरेदीवाले म्हनते! आठ टक्के ओल असली तं पुरा भाव. बारापावतर भाव कापून देते. बाराच्या वर गेली का ट्रॉली वापस. थंडीचे दिवस, पहाटं दव पडते, बाया दव वाळल्याबिगर वावरात जात नाहीत, तरी बी मीटर चौदा दाखवते. ट्रॉलीचं भाडं जायाचं बी अन् यायाचं बी. लांब धाग्याले आठ हजाराच्या वर हमीभाव क्विंटलले, म्हनते. तो भाव टीव्हीत हाय. माह्या गंजीत नाही."

शेकोटीभोवती कुणी हसलं नाही. मीही माझा पॉलिस्टरचा विषय आवरता घेतला. त्यांच्या नातवाच्या अंगावरही पॉलिस्टरचंच जाकीट होतं, ते त्यांनी पाहिलं आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

आणि मग आबाजींनी हात सरळ माझ्या पिशवीखाली, पाठीवर घातला. बोटं चोळली. इकडं तिकडं बघत निकाल दिला: "पंधरा. रिजेक माल."

आता मात्र सगळे हसले. राग येतो तो याचा की आकडा सोडला तर त्यांचं बरोबर होतं.

पुढचं अर्ध्या मिनिटात घडलं. दूधवाल्याची मोटारसायकल आली, आबाजींनी हात केला, चौघांनी मला साडेसात किलोच्या पिशवीसकट दोन कॅनच्या मधे बसवलं. मी ओरडत होतो की मला चालायचंच आहे. अशा वेळी माणूस जितका ओरडतो तितकी लोकांची खात्री पटत जाते. दूधवाल्याच्या कानावर मफलर होता, गाडीला सायलेन्सर नव्हता. चार किलोमीटरनी त्याला दूध घालायचं होतं, तिथं मी उतरलो.

सलग चालत जायचं म्हणजे सलग. मधे तुकडा सुटला की बसनं जाणाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय? मागं वळलो. चार किलोमीटर म्हणजे माझ्या चालीनं पाऊण तासाहून जास्त, आणि दिवस लहान. पावणेसहाला सूर्य मावळतो, अंधारात या रस्त्यावर चालणं म्हणजे ट्रकवाल्याच्या दयेवर जगणं. चालायचं उजव्या कडेनं, येणारी गाडी समोर दिसेल असं. पण सगळा वेळ उजवीकडंच चाललं तर रस्त्याच्या उतारानं एकच गुडघा भरून येतो, म्हणून मुरमाची साइडपट्टी बघायची. तीही कुठं खणलेली, कुठं बाभळीच्या काट्यांनी भरलेली, कुठं नाहीच. सिमेंटचे रस्ते गाड्यांसाठी झाले, ठीक आहे. पायी जाणाऱ्यानं जायचं कुठून, हे कुणी आखलंच नाही, कारण पायी जाणारा म्हणजे ज्याला गाडी परवडत नाही तो, आणि त्याला विचारतंय कोण.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही विसरतं. अर्ध्या तासाला दोन घोट, तहान असो नसो. रागात ते मी तीनदा विसरलो, आणि डोकं दुखायला लागलं ते मी आबाजींच्या नावावर मांडलं.

शेकोटीचा आता निखारा झाला होता. आबाजी तिथंच. मी बरोबर ज्या दगडावर बसलो होतो त्याला बूट टेकवला आणि पुन्हा आर्वीच्या दिशेला वळलो. आबाजींनी बाकीच्यांकडं बघून मान हलवली, 'म्या म्हनलं नोयतं?' अशी.

"काय रायलं लेका?"

"काही नाही, आबाजी. चार किलोमीटर राहिले होते."

ते उठले, जवळ आले, पिशवीखाली पुन्हा हात घातला आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "अजून ओलाच हाय. थांब, दुसरी गाडी येऊन रायली. हा सीधा आर्वीत उतरवन."