जाम बोल्ट, कोल्ड्रिंक आणि तीन फुटी पाइप

पावसाळा सरला की सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: "ब्रेकचा बोल्ट जाम झालाय? कोल्ड्रिंक ओता, दहा मिनिटं थांबा. पान्यात तीन फुटी पाइप घाला, अंग टाकून ओढा. तरी हलला नाही तर गॅसने लाल करा. मेकॅनिकचे पैसे वाचले!" चार महिने पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे पॅड बदलताना मीही हे केलं होतं, म्हणून लिहितोय.

कोल्ड्रिंकचं आधी उरकतो. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंज खातं, पण खिळा रात्रभर बुडवून ठेवला तर. बोल्टवर ओतलेलं ओघळून जातं, मागे उरतो चिकटा आणि मुंग्या. त्यापेक्षा तारेच्या ब्रशने गंज झाडा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि सकाळपर्यंत विसरून जा. डिस्क-पॅडवर मात्र थेंब उडू देऊ नका.

खरा घातक तो पाइप. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग; तो ज्या पिनवर सरकतो तिचा बोल्ट छोट्या गाड्यांत बहुधा ८ एमएमचा, साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरला (हे पीळ मोजायचं माप) आवळलेला. तीन फुटी पाइपच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की पीळ १७५ च्या घरात जातो. गंज सुटायच्या आधी बोल्टच मान टाकतो. ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर धरणाऱ्या चौकटीचे, जाड बोल्ट लांब दांडी सोसतात, हे मान्य. पण गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तोच हिसका तिला खाली आणेल; आधी घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावा.

जाम बोल्टला जोर नको, हादरा हवा. डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ टोले, मग आधी किंचित आवळायचा, कट्ट वाजलं की उलटा. गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) सहाकोनी घ्या, बाराकोनी गोटीने कोपरे गोल होतात. पिन सोबत फिरत असेल तर ती पातळ फिक्स पान्याने धरा. आणि दिशा बघा! बोल्टचं डोकं असतं गाडीच्या आतल्या बाजूला. ब्रॅकेटचा बोल्ट ढिला करतोय म्हणून मी चाकाच्या बाजूने वाकून अर्धा तास आवळतच होतो. शेजारचे अण्णा चहा पीत बघत होते. म्हणाले, "घड्याळ मागनं बघितलं तर काटे उलटेच फिरणार की रे."

लाल करायचं तर बोलूच नका. पिनभोवती रबरी बूट, शेजारी पिस्टनचं सील आणि ब्रेक ऑइलची रबरी नळी. कोरडं, म्हणजे पाणी न शोषलेलं, डॉट-३ ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आसपास उकळतं. पोलाद लाल दिसायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. त्यात क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर ज्योतीने फॉस्जीनसारखा विषारी वायू निघू शकतो.

राहिले वाचलेले पैसे. माझा वरचा बोल्ट पिनच्या आतच तुटला. नवी पिन, नवा बोल्ट, बूट-किट, आणि ते मिळेपर्यंत गाडी तीन दिवस घोडीवर. अण्णा रोज फाटकातून विचारायचे, "कोल्ड्रिंक उरलंय का?"