अरेथाची ‘वाया गेलेली’ सहा वर्षं

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनविषयी एक मजकूर सतत फिरत असतो: ‘कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तिची १९६० ते ६६ ही सहा वर्षं वाया घालवली. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलीला बळजबरीने जॅझ आणि पॉप गायला लावलं, पियानोला हात लावू दिला नाही, एकही गाणं चाललं नाही. १९६७मध्ये अटलांटिक कंपनीने तिला सोल गायिका म्हणून घडवलं.’ (सोल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं आणि ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेलं गाणं.) त्या सहा वर्षांतली गाणी माझ्या फार जवळची आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

पियानोचा मुद्दा एका गाण्यात निकालात निघतो. १९६१च्या पहिल्या अल्बममधलं ‘वोन्ट बी लाँग’ लावा. त्यातला पियानो तिचाच आहे.

‘एकही गाणं चाललं नाही’ हेही खोटं. ‘टुडे आय सिंग द ब्लूज’ आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं, ‘वोन्ट बी लाँग’ सातव्या. १९६१मध्येच ‘रॉक-अ-बाय युअर बेबी’ पॉपच्या मुख्य यादीत ३७व्या जागी पोहोचलं. त्यापुढे मोठं यश आलं नाही, हे मान्य. हिची गाणी नेमकी कोणाला विकायची, हे कंपनीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण हा दोष विक्रीचा आहे, गाण्याचा नाही.

खरा वाद बळजबरीचा. जॅझ आणि जुनी लोकप्रिय गाणी तिच्यावर कोणी लादायची गरजच नव्हती. वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नामवंत पाद्री. त्यांच्या घरी क्लारा वॉर्डसारख्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गायिकांची ये-जा असे, तशीच ब्लूज-जॅझ गायिका डायना वॉशिंग्टनचीही. गायक सॅम कुक गॉस्पेल सोडून पॉपकडे वळला, तीच वाट तिला खुणावत होती. डायना गेल्यावर १९६४मध्ये अरेथाने डायनाच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. तो ऐकताना हुकमाची ताबेदारी कुठे जाणवते? आणि १९६३चं ‘स्कायलार्क’! व्हायोलिनच्या मऊ साथीवर ती शांतपणे सुरू करते आणि पुढे अचानक आवाज असा वर फेकते की तिचं चर्च थेट त्या गाण्यात येऊन उभं राहतं. हे मिश्रण तिचं स्वतःचं आहे. मला तर ते तिच्या अटलांटिककडच्या गाजलेल्या ‘रिस्पेक्ट’इतकंच मोलाचं वाटतं.

राहिला अटलांटिकचा मुद्दा. तिथला निर्माता जेरी वेक्सलरने तिला पियानोपाशी बसवलं आणि भोवती योग्य वादक दिले, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. जानेवारी १९६७मध्ये अलाबामातल्या मसल शोल्समधल्या स्टुडिओत पहिल्या दिवशी एकच गाणं पुरं झालं, आणि त्याने सगळं बदललं. पण तिथे बसलेली बाई नवखी नव्हती. चौदाव्या वर्षी वडिलांच्या चर्चमध्ये तिचं गाणं रेकॉर्ड झालं होतं, आणि त्यावर कोलंबियातल्या सहा वर्षांत ब्लूज, जॅझ, नाटकातली गाणी असं सगळं तिच्या गळ्यावरून गेलं होतं.

अटलांटिकमध्ये गेल्यावर तिने ते टाकून दिलं, असंही नाही. १९६९च्या ‘सोल ’६९’ या अल्बममध्ये तिच्यामागे जॅझचे वादक आहेत. त्यात तिने एक जुनं गाणं पुन्हा गायलं: ‘टुडे आय सिंग द ब्लूज’, कोलंबियाकडचं तिचं पहिलं यश.