ऐरोलीकरांना उत्तर: पाऊस हवाच, पण पाचोळ्यात काय उरलंय तेही बघा

नमस्कार. माळरानावरच्या पाचोळ्याच्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सोलापूर-नगरकडे पाऊस नाही म्हणून गवत कुजत नाही, ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एका पावसाळ्यात पानांचं खत होतं; 'पाचोळ्याचा दर्जा', म्हणजे कर्बाच्या मानाने त्यात नत्र किती उरलंय, ही उगाच काढलेली भानगड. जुनं गवत सरळ जाळावं.

पावसाचं म्हणणं रास्त आहे. ठाण्यात २५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिकडे ५००-६००. पण येऊरचं पान आणि माळावरचं कुसळी गवत शेजारी ठेवलंत, तेव्हा पाणीही बदललं आणि पानही. आता पाणी सारखं ठेवा. सोसायटीच्या खतखड्यात नुसता सुका पाला टाकून रोज पाणी मारा. महिनोन्महिने तसाच राहतो. ओला कचरा मिसळला की खड्डा तापू लागतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ भाग कर्बामागे (कार्बन) १ भाग नत्र (नायट्रोजन) लागतं. कोवळ्या गवतात प्रमाण याच्या जवळपास असतं. बी झडून पिवळ्या पडलेल्या गवतात ते एका भाग नत्रामागे ६०-८० भाग कर्बावर जातं, आणि मग जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून ओढतात.

हे नत्र जातं कुठे? बहुवार्षिक गवत पान वाळण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र बुडख्याकडे परत घेतं, पुढच्या पावसासाठी. वर राहतं ते सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे काडीला ताठ ठेवणारे, सहज न कुजणारे चिवट घटक. मेंढरंसुद्धा असल्या गवताला तोंड लावायला नाखूश असतात, त्यात कुसळं रुततात ते वेगळंच.

मात्र 'जुनं तितकं वाईट' असं मी म्हटलेलं नाही. वर सांगितलं ते एका हंगामातलं. चराई थांबवल्यावर माळ वर्षानुवर्षं बदलतो, ती गोष्ट निराळी. आधी एकाच वर्षात संपणारी वर्षायू गवतं आणि तण, मग कुसळी, मारवेल ही गवतं, पुढे बोर, हिवर ही झाडं. हिवर शेंगवर्गातला, त्याच्या पाल्यात नत्र बऱ्यापैकी. काड्या-फांद्या मात्र चिवट. त्यामुळे दर्जाची रेघ सरळ खाली उतरत नाही, वरखाली होते.

आणि कोरड्या प्रदेशात सगळं पाण्यावरच चालतं असंही नाही. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या माळावर संशोधकांनी पाचोळ्यावर पडणारं ऊन अडवून पाहिलं, तर कुजणं सुमारे ६० टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. येऊरच्या सावलीत हे कसं दिसणार!

राहिलं जाळणं. त्यात नत्राचा मोठा भाग धुरावाटे जातो. राखेत उरतं ते मुख्यतः पालाश, स्फुरद, चुना. वर उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून जाते, आणि ५०० मिलिमीटरच्या मुलखात ती परत तयार व्हायला पिढ्या जातात. गवत काढायचंच असेल तर फुलोऱ्याच्या सुमाराला कापा, चारा म्हणून वापरा. खाली उरलेले बुडखे आणि पाचोळा तिथेच राहू द्या.