जुना आठ, नवा आठ

मामांना दादरला घ्यायला जायचं ठरलं, तेव्हाच "इंडिकेटरखाली भेटू" म्हणायला हवं होतं. पण मामा फोनवर म्हणाले, "आठ नंबरला ये, आंब्याची पेटी जड आहे," आणि मी "बरं" म्हणून मोकळा झालो.

दादरचं दुखणं तसं जुनं. घर एक, चुली दोन. जीआयपी या रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. मागाहून आलेल्या बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीने १८६४ साली ग्रँट रोड गाठलं. ५ नोव्हेंबर १९५१ ला पहिलीची मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम. बारसं एकाच दिवशी, पण फलाट मोजताना दोघींचीही सुरुवात एकपासून! "एक नंबरवर उभा आहे" म्हणणारे दोघे एकाच वेळी खरं बोलत आणि एकमेकांना शिव्या घालत. माझं एक लग्न जमता जमता मोडलं ते यामुळेच, असं मी लोकांना सांगतो. (खरं कारण वेगळं आहे.)

डिसेंबर २०२३ मध्ये हा घोळ मिटवला गेला. पश्चिमचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचे आठ ते चौदा झाले. जुना एक आता आठ. जुना दोन एकाला रुंद करायच्या कामी आधीच खर्ची पडला होता. तीनचा नऊ झाला आणि असं करत करत जुना आठ चौदावर गेला. कागदावर हिशेब चोख. पण मामा कागदावर राहत नाहीत, परळला राहतात.

आठवर वीस मिनिटं उभा राहून फोन केला.

"मामा, कुठे आहात?"

"आठला."

"मीही आठलाच आहे."

"मग दिसत कसा नाहीस? हात वर कर."

मी हात वर केला. समोरच्या गृहस्थांनी मला टीसी समजून पास काढून दाखवला.

"मामा, डोक्यावर बोर्ड असेल, तो वाचा."

"चौदा."

"मग आठ कसा?"

"अरे, बोर्ड काल आलाय! एकतीस वर्षं दर मे महिन्यात गावची गाडी मी इथूनच पकडतोय. मला आठ कुठला ते बोर्ड शिकवणार?"

"बरं, आहात तिथेच थांबा. हलू नका."

जिना चढलो आणि नेमक्या दोन लोकल एकदम आल्या. पुलावर अशा वेळी माणूस चालत नाही, त्याला नेलं जातं. मला पश्चिमेला फुलबाजाराच्या तोंडाशी नेऊन सोडलं. झेंडूचा वास घेत पुन्हा चढलो, कोपरं मारत, कोपरं खात, "सॉरी सॉरी" करत चौदावर उतरलो. फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला. ना मामा, ना पेटी.

फोन वाजला.

"तुला त्रास नको म्हणून हमाल केला आणि आलो बघ तुझ्या आठला. तू कुठेस?"

"तुमच्या."