‘जड छर्रा, अचूक नेम’ : दहा मीटरच्या रेंजवर हे चालत नाही

नाशिकच्या नेमबाजांमध्ये व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. एअर रायफलला मिळेल तेवढा जड छर्रा घ्या, तो सरळ जातो, कमी खाली येतो. सराफ बाजारातून छोटा काटा आणून एकेक छर्रा तोला, की प्रत्येक नेमाला दहापैकी दहा गुण. नव्या मुलांचे पालक यावर विसंबून डबे मागवत आहेत, म्हणून हे उत्तर.

‘जड तेवढा सरळ.’ वजनाला महत्त्व आहे, पण ते हरणाच्या शिकारीच्या रायफलीत. परदेशातला शिकारी .308 मापाच्या रायफलीसाठी 150 ते 180 ग्रेनची, म्हणजे 9.7 ते 11.7 ग्रॅमची गोळी निवडतो. दोनशे मीटरवर वारा असतो आणि गोळी खोल शिरावी लागते. (तिथेही गोळीची बांधणी पाहिल्याशिवाय नुसत्या वजनावर कोणी जाऊ नये.) आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपण बंद हॉलमध्ये 10 मीटरवरचा कागद भेदतो. तिथे ना वारा, ना काही खोल भेदायचं.

‘कमी खाली येतो.’ उलट आहे. छर्रा हलका असो की जड, रायफल त्याला साडेसात ज्यूल ऊर्जा देते असं धरा. 0.45 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 183 मीटर वेगाने निघतो, 0.53 ग्रॅमचा 168 मीटरने. दहा मीटर जाईपर्यंत हलका सुमारे 14.7 मिलिमीटर खाली येतो, जड 17.3. फरक 2.6 मिलिमीटर, आणि लक्ष्यावरच्या दोन कड्यांमधलं अंतर 2.5. साइट जुळवून घेतली की हा फरक जातो. पण सरावात मध्येच डबा बदलला, तर पूर्ण एक गुण खाली लागतो आणि मुलगा स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो.

‘काट्यावर तोला.’ सोनाराचा छोटा काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवतो. त्यावर 0.53 दिसलं, तर खरं वजन 0.525 ते 0.535 यांत कुठेही असू शकतं. एवढ्या फरकानेही छर्रा जवळपास 0.3 मिलिमीटर वरखाली लागतो, आणि दशांश गुणाची (10.1, 10.2 अशी) पायरी 0.25 मिलिमीटरची. म्हणजे तोलून पास केलेल्या छर्ऱ्यांतच एका दशांशाचा फरक उरतो. त्यापेक्षा घाघऱ्याची, म्हणजे छर्ऱ्याच्या मागच्या पोकळ पसरट भागाची, कड बघा. चेपलेली किंवा वाकडी असेल तर तो छर्रा बाजूला ठेवा. हवा एका बाजूने निसटते आणि तो भलतीकडे जातो.

संदेशात नाहीच ती गोष्ट म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, व्यास. स्पर्धेचे छर्रे 4.48 पासून 4.52 मिलिमीटरपर्यंत येतात. नळीला कोणता बसतो हे नळीच सांगते. शेजारच्या रायफलीचा अनुभव इथे कामाचा नाही. त्यासाठी रायफल शिकंजात धरा, पकड रिसीव्हरवर (नळी जिथे बसते त्या मधल्या धातूच्या भागावर), नळी मोकळी. हवेचा सिलिंडर पुरेसा भरलेला असू द्या. नवा आकार लावला की आधी वीस-तीस छर्रे नुसते झाडा, ते मोजू नका, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग दहा-दहाचे किमान तीन गट मारा, म्हणजे एकाच नेमावर लागोपाठ दहा छर्रे. पाचाचा एक सुंदर गट काहीच सिद्ध करत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. गटाचं बाहेरून बाहेर माप घ्या, त्यातून 4.5 वजा करा. उरलेला आकडा खरा. तीनही गटांत जो लहान राहील तो घ्या, मग तो 0.50 ग्रॅमचा असो की 0.53 चा.

स्प्रिंगच्या रायफलीत, जिथे स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हवा दाबतो, मात्र वजन जपा. फार हलक्या छर्ऱ्याला मागून पुरेसा रोध मिळत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकाला जोरात आदळतो. फार जड छर्ऱ्याने तो उसळी घेतो. मधलं वजन घ्या.

निवड झाली की डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे हंगामभराचे एकदम घ्या. कंपनी तीच असली तरी लॉट बदलल्यावर गट बदलू शकतो. तसं झालं, तर शिकंजा पुन्हा काढा.