‘टेम्पो ढकलायला शिकवतात’: एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण ॲडमिशन घेण्याआधी पालक हे वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो. तुमच्या तक्रारी अशा: ग्राउंड हँडलिंगच्या, म्हणजे विमान जमिनीवर असतानाच्या कामांच्या, कोर्सला विमान दाखवलंच नाही, मैदानात टेम्पो ढकलायला लावला; ठरावीक इंग्रजी वाक्यं पोपटासारखी घोकून घेतली; नुसतं ‘ओके’ म्हटलं तरी सर अंगावर येतात; नोकरी लावून दिली नाही; आणि दुसऱ्या हप्त्याची पावती मिळाली नाही.

विमानाचं आधी. ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, जायला बीसीएएसचा (विमान वाहतुकीची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा) परवाना लागतो आणि तो तुम्हाला कामावर ठेवणारी कंपनी काढून घेते. त्यात आपलं नाशिकजवळचं ओझरचं विमानतळ एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं. पोरांची सहल काढावी तसं तिथे जाता येत नाही, आणि हे पहिल्या लेक्चरलाच सांगितलेलं आहे.

आता टेम्पो. तो विमानाच्या जागी असतो. काचा वर करून एकाला आत बसवतो आणि दुसरा वायरचा हेडसेट लावून बाजूने चालतो, ते उगाच नाही. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकलत नेताना, पायलटला टॉवरचं बोलणं ऐकू येतं, पण आपल्या विमानाचं पोट आणि शेपूट दिसत नाही. खाली नोज गिअरजवळ, म्हणजे पुढच्या चाकापाशी, हेडसेट लावून उभा असतो त्याला आजूबाजूचं सगळं दिसतं, पण टॉवर ऐकू येत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती. ती जोडायला मधे फक्त बोलणं असतं.

म्हणूनच ‘ओके’ चालत नाही. खालून ‘रिलीज पार्किंग ब्रेक’ गेलं की वरून ‘पार्किंग ब्रेक रिलीज्ड’ असंच यायला हवं. ‘ओके’वरून समोरच्याने काहीतरी ऐकलं एवढंच कळतं. काय ऐकलं, ब्रेक खरोखर सुटला का, हे कळत नाही. ब्रेक लागलेला असताना टगने, म्हणजे ढकलणाऱ्या गाडीने, जोर केला तर टग आणि विमान जोडणाऱ्या दांड्याची (टो बारची) शिअर पिन तुटते; जास्त ताण आला की तुटावी म्हणूनच ती असते. तीही नशीब चांगलं असेल तर; नोज गिअरला इजा झाली तर विमान तिथेच अडकतं. एवढ्यासाठी सर ओरडत असतील तर ओरडू देत, त्यांना मी थांबवणार नाही.

‘हातवारे शिकून काय नाटकात जायचंय?’ असंही लिहिलंय. वाक्य आवडलं. पण विमान मागे ढकलून झालं, ब्रेक लागले, टो बार सुटला, की हेडसेटची वायरही काढतात. त्यानंतर बोलणं बंद. खालचा माणूस बाजूला जाऊन उभा राहतो, ढकलताना चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी, लाल फीत लावलेली बायपास पिन हात वर करून दाखवतो. पिन निघाली, म्हणजे चाकाचं स्टिअरिंग परत पायलटच्या हातात गेलं. अंगठा वर होतो, पायलटची खूण परत येते, मगच विमान हलायचं. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत पुशबॅकनंतर खालची माणसं बाजूला होण्याआधीच विमान पुढे निघालं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन गेला. म्हणून आमच्याकडे उघड्या हाताची मूठ वळली म्हणजे ब्रेक लागले, वळलेली मूठ उघडली म्हणजे सुटले, हे झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं. कंटाळा येतो, मान्य. कंटाळा येईपर्यंतच करायचं असतं ते.

नोकरीची हमी माहितीपत्रकात कुठेही नाही, मुलाखतीची तयारी आहे. ती तुमच्या बॅचची झालेली आहे.

राहिली दुसऱ्या हप्त्याची पावती. ती पैसे भरले त्याच दिवशी दिली होती. हरवली असेल तर ऑफिसला या, दुसरी प्रत काढून देतो. रविवारी बंद असतं.