कॅबमधला स्क्रीन आणि लोको पायलटची नजर

नमस्कार काका,

रेल्वे इंजिनातल्या 'कवच' या गाडी आपोआप रोखणाऱ्या सुरक्षा यंत्रणेवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "आम्ही जन्मभर समोरच्या काचेतून बघून गाडी चालवली. कवचचा स्क्रीन म्हणजे लक्ष उडवणारी आणखी एक वस्तू." इतकी वर्षं कॅबमध्ये काढलेल्या माणसाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण नुसत्या नजरेवर सगळा भार टाकणं मला पटत नाही.

स्पेनमधल्या सान्तियागोजवळ 24 जुलै 2013 रोजी काय झालं ते पाहा. चालकाला गाडीतल्याच तपासनिसाचा फोन आला, तोही कामाचा, पुढच्या एका स्टेशनातल्या फलाटाबद्दल. बोलण्याच्या नादात आपण कुठवर आलो याचं भान सुटलं. ताशी 80च्या वळणावर गाडी 179ने शिरली. 80च्या आसपास माणसं गेली. वेगावर सतत पहारा ठेवणारी यंत्रणा त्या मार्गावर होती, पण वळणाच्या अलीकडेच संपत होती आणि त्या गाडीत बंदही होती. तो मोबाइलवर खेळत नव्हता हो, कामच करत होता!

कवचचा स्क्रीन पुढचा सिग्नल, कुठवर जायची मुभा आहे आणि किती वेग चालेल हे दाखवतो. धुक्यात सिग्नल शोधत डोळे ताणायचा त्रास वाचतो. वेग हद्दीबाहेर गेला तर आधी इशारा, मग ब्रेक. फाटकाची शिट्टीसुद्धा आपोआप वाजते.

एका बाबतीत मात्र तुमचंच खरं. ब्रिटनमधल्या जुन्या यंत्रणेत पिवळ्या आणि लाल सिग्नलला भोंगा एकच. दिवसभर तो बटण दाबून बंद करायचा, म्हणजे हाताला सवय लागते आणि मन तिथे नसतं. 5 ऑक्टोबर 1999ला लॅडब्रोक ग्रोव्हला लाल सिग्नलचा भोंगा असाच बंद केला गेला, गाडी पुढे जाऊन समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली, 31 जण मेले. त्यामुळे "जितकी माहिती समोर, तितकी गाडी सुरक्षित" हे माझं वाक्य चुकलं होतं. ते आज लेखातून काढलं.

आपल्याकडे व्हीसीडीचं, म्हणजे चालक सावध आहे ना हे तपासणाऱ्या यंत्राचं, बटण आधीच आहे. त्यात कवचच्या इशाऱ्यांची भर पडली की तासाभरात हात किती वेळा बटणाकडे जातो, हे कॅबमध्ये बसून मोजायला हवं. आणि असिस्टंटबरोबर सिग्नल मोठ्याने पुकारायची पद्धत स्क्रीन आला म्हणून सुटू नये. त्या पुकारण्याने लक्ष कसं टिकायचं, हे तुम्ही सविस्तर लिहाल का? मी ते लेखात जोडेन.